बे दुणे चार आणि रोमची लढाई

संध्याकाळी गारखेड्यातल्या विभागीय क्रीडा संकुलाच्या बाजूने गेलात, तर जरा थांबा आणि नुसते कान द्या. ‘चढाई कर, चढाई!’ ‘पकड त्याला!’ ‘हाण की रे!’ ‘शेवटपर्यंत झुंजायचं हां!’ डोळे मिटून ऐकलंत तर वाटेल, इथे युद्धच पेटलंय. प्रत्यक्षात कबड्डी नाहीतर क्रिकेट चाललेलं असतं आणि फार तर एखाद्याचा गुडघा सोलवटलेला असतो.

हे शब्द मात्र खरोखरच रणांगणावरचे आहेत बरं का. चढाई व्हायची ती किल्ल्यावर. ‘झुंजणे’ हे संस्कृतातल्या ‘युध्’चं बदललेलं रूप, युद्धातला तोच युध्. आणि ‘हाणणे’ आलं ‘हन्’पासून. हन् म्हणजे थेट ठार मारणे! आता आपण चेंडू हाणतो, आणि कडकडून भूक लागली असेल तर तीन भाकरीसुद्धा हाणतो.

लढाईची क्रियापदं अशी निवृत्त होऊन मैदानात आणि ताटात येऊन बसतात. सगळ्यांचं नशीब एवढं चांगलं नसतं. काही चक्क मरतात. आज असंच एक मेलेलं क्रियापद आपण उकरून काढणार आहोत. ते आहे इंग्रजीतलं. पण त्याचा माग काढत निघालं, की वाटेत तुमचा बेचा पाढा लागतो, दिवाळी लागते आणि बिस्किटाचा पुडाही लागतो. चला तर.

डिबेल नावाचा शब्द

या क्रियापदाचं नाव ‘डिबेल’. अर्थ असा, की लढाईत शत्रूला पुरतं हरवणे, पार लोळवणे. तीनचारशे वर्षांपूर्वीचे इंग्रज लेखक ते वापरायचे. मिल्टन या मोठ्या कवीचं ‘पॅरडाइज रिगेन्ड’ हे काव्य १६७१ मध्ये छापून आलं. देवाच्या पुत्राने सैतानाला फार पूर्वीच ‘डिबेल’ केलं होतं, असा उल्लेख त्यात आहे. आज मात्र इंग्लंडमध्ये कुणाला हा शब्द विचारलात तर बहुतेक जण तुमच्या तोंडाकडे बघत राहतील. हरवण्यासाठी इंग्रजीत डिफीट, कॉन्कर, व्हँक्विश असे शब्द आधीच ठाण मांडून बसले होते. त्या गर्दीत डिबेलला जागा मिळाली नाही.

हा शब्द आला लॅटिनमधून, म्हणजे प्राचीन रोमच्या भाषेतून. ‘डे’ म्हणजे इथे ‘पुरतं, शेवटपर्यंत’ आणि ‘बेल्लारे’ म्हणजे लढणे. लढाईला रोमन लोक म्हणायचे ‘बेल्लुम’. या बेल्लुमचं आणखी एक लेकरू आहे आणि ते अजून ठणठणीत आहे: ‘रेबेल’. ‘रे’ म्हणजे पुन्हा. हरलेले लोक पुन्हा लढायला उभे राहिले की ते झाले रेबेल, म्हणजे बंडखोर.

आता प्रश्न असा, की बेल्लुम आला कुठून? इथे खरी गंमत सुरू होते. आणखी जुन्या लॅटिनमध्ये लढाईला बेल्लुम म्हणतच नसत. म्हणायचे ‘दुएल्लुम’. पटापट चारपाचदा म्हणून बघा. दुएल्लुम, दुएल्लुम, द्वेल्लुम… जीभ आपोआप ‘द्वे’वर येते ना? मग त्या ‘द्व’चा झाला ‘ब’, आणि द्वेल्लुमचा झाला बेल्लुम.

तुम्ही म्हणाल, असं कसं? ‘द्व’चा एकदम ‘ब’? ही तर थाप झाली!

नाव बदललेला सेनापती

थाप नाही, कारण याचा साक्षीदार खुद्द रोममध्येच आहे. गायस दुइलियस नावाचा एक रोमन सेनापती होता. इसवी सनापूर्वी २६० मध्ये सिसिली बेटाजवळ मायली इथे त्याने कार्थेजच्या आरमाराला धूळ चारली. पुढे दोनशे वर्षांनी, इ.स.पू. ४६ च्या सुमाराला, सिसेरो नावाच्या नामांकित वक्त्याने एक टिपण करून ठेवलं. दुएल्लुमचं जसं बेल्लुम झालं, तसं लोक या सेनापतीलाही ‘बेल्लियस’ म्हणू लागले, असं तो सांगतो. त्याचे वाडवडील मात्र ‘दुएल्लियस’च म्हणवत. बिचारा! आरमार जिंकलं, पण नावातला ‘द’ काही वाचवता आला नाही.

दुसरा पुरावा तर हातात धरता येईल असा आहे. १८८० मध्ये रोमच्या क्विरिनाल टेकडीवर एक मातीचं भांडं सापडलं. तीन छोटी मडकी एकमेकांना चिकटवलेली, आणि त्यांच्या अंगावर गोल गोल फिरत जाणारी, उजवीकडून डावीकडे कोरलेली अक्षरं. भांडं अडीच हजार वर्षांहून जुनं. त्यावर एक शब्द आहे ‘द्वेनोस’. याच शब्दाचं पुढच्या लॅटिनमधलं रूप काय झालं असेल? नियम लावा बरं. ‘द्व’ गेला, ‘ब’ आला… बोनस! बोनुस म्हणजे लॅटिनमध्ये ‘चांगला’. दिवाळीत आईबाबांना कामाच्या ठिकाणी जो बोनस मिळतो, तो हाच.

तिसरा पुरावा बिस्किटाच्या पुड्यात आहे. लॅटिनमध्ये ‘बिस’ म्हणजे दोनदा. त्याचं जुनं रूप ‘द्विस’. पूर्वी पाव जास्त दिवस टिकावा म्हणून एकदा भाजून पुन्हा भट्टीत घालत. दोनदा भाजलेलं ते बिस्किट. त्या अर्थाने आपला चहात बुडवायचा टोस्ट हेच खरं बिस्किट म्हणायचं! बायसिकलमधला ‘बाय’ही तिथलाच, कारण चाकं दोन.

द्विस, द्वि, दोन. काहीतरी ओळखीचं वाटतंय ना? वाटायलाच हवं. लॅटिन आणि संस्कृत या भाषा एकाच फार जुन्या भाषेच्या लेकी आहेत. म्हणून दोनसाठी संस्कृतात ‘द्वि’, लॅटिनमध्ये ‘दुओ’ आणि इंग्रजीत ‘टू’. टूच्या स्पेलिंगमध्ये तो मुका डब्ल्यू उगीच का लिहायचा, असा वैताग तुम्हालाही आला असेल. तो डब्ल्यू म्हणजे ‘द्व’मधला ‘व’ आहे. टूमध्ये तो मुका झाला, पण ट्वेल्व्ह, ट्वेंटी आणि ट्विन्समध्ये अजून बोलतो.

आरसा आणा

आता एक प्रयोग. घरातला आरसा घ्या आणि त्यासमोर सावकाश ‘द’ म्हणा. जिभेचं टोक वरच्या दातांना टेकलं आणि हवा क्षणभर अडली. ओठ काही करत नाहीत. आता ओठांचा चंबू करून ‘व’ म्हणा. हवा अडत नाही, काम ओठांचं आहे.

आता दोन्ही एकदम म्हणा: द्व, द्व, द्व. जोरात आणि घाईत. एकाच सीटवर दोघांनी बसण्यासारखं हे आहे. कुणीतरी सरकतं किंवा कुणीतरी पडतं. इथे तडजोड होते. हवा अडवायची ती ‘द’ची सवय, आणि काम ओठांनी करायचं ही ‘व’ची सवय. ओठांनी हवा अडवली की कोणतं अक्षर निघतं? आरशात बघा. ओठ मिटले, उघडले: ब!

आता पाटीवर वर्णमालेच्या दोन ओळी एकाखाली एक लिहा.

त थ द ध न
प फ ब भ म

‘द’ त्याच्या ओळीत तिसरा, ‘ब’ही त्याच्या ओळीत तिसरा. बरोबर एकाखाली एक! पहिली ओळ दातांची, दुसरी ओठांची. म्हणजे ‘द्व’चा ‘ब’ होताना आवाजाची जात तीच राहिली, फक्त मुक्काम दातांवरून ओठांवर हलला.

आता आपल्या घरात

रोमला जे झालं ते तोंडामुळे झालं. आणि तोंड तर आपल्यालाही आहे. मग आपल्याकडे असं काही झालं का?

पाढा म्हणा. बे एके बे, बे दुणे चार. कधी विचार केलाय, दोनच्या पाढ्यात ‘दोन’ कुठे गेला? आपण ‘दोन एके दोन’ का म्हणत नाही? कारण हा ‘बे’ म्हणजे संस्कृतातला ‘द्वे’ आहे. द्वेचा बे, जसा द्वेल्लुमचा बेल्लुम! गुजराती माणूस तर आजही दोनला ‘बे’च म्हणतो.

आकड्यांत पुढे चला. बारा म्हणजे द्वादश. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. दोन लपलेला प्रत्येक आकडा ‘ब’चा. बाळाचं नाव ठेवतात ते बारसं, कारण ते बाराव्या दिवशी. आणि दिवाळी बघा. पहिला दिवा लागतो वसुबारसेला, म्हणजे द्वादशीला. शेवटचा दिवस भाऊबीज, म्हणजे द्वितीया. तिची झाली बीज. आपली दिवाळी ‘द्व’च्या ‘ब’ने सुरू होते, ‘द्व’च्या ‘ब’ने संपते, आणि मधे आईबाबांचा बोनस येतो तोही ‘द्व’चाच ‘ब’. फक्त तो रोमहून आलेला.

हे रोमने आपल्याला शिकवलं का? मुळीच नाही. आपण रोमला शिकवलं का? तेही नाही. दोन्हीकडे वेगवेगळं, आपापलं घडलं. माणसाचं तोंड जगात सगळीकडे सारखंच असतं. तेच दात, तेच ओठ, तीच जीभ. म्हणून तोंडाच्या अडचणी सारख्या आणि त्यातून काढलेल्या पळवाटाही पुष्कळदा सारख्या.

शिळेवर पकडलेला आवाज

आता तुमच्यातला एखादा हट्टी म्हणेल, हे सगळं ठीक, पण हा बदल होताना कुणी पाहिलाय का? पाहिलाय म्हणजे काय, दगडात कोरून ठेवलाय!

सम्राट अशोकाने इ.स.पू. २६१ च्या सुमाराला कलिंगची लढाई जिंकली, आणि त्यातली माणसांची हानी पाहून त्याला पश्चात्ताप झाला. मग त्याने जागोजागी दगडांवर आपल्या आज्ञा कोरून घेतल्या. म्हणजे बघा, तिकडे दुइलियस आरमार बुडवत होता, जवळपास त्याच काळात इकडे अशोक लढाई नको म्हणत होता. अशोकाच्या एका आज्ञेत, अधिकाऱ्यांनी दर पाच वर्षांनी आपल्या मुलखात फेरी मारावी, असं सांगितलंय. ही आज्ञा राज्याभिषेकाला बारा वर्षं झाल्यावर दिली, असंही तिथे लिहिलंय. आपल्याला हवा आहे तो ‘बारा’ हाच शब्द.

एकच आज्ञा अनेक ठिकाणी कोरली गेली, आणि लिहिणाऱ्यांनी बहुतेक आपापल्या भागातल्या बोलीप्रमाणे ती कोरली. उत्तराखंडातल्या कालसीच्या शिळेवर बारा आहे ‘दुवाडस’. आज पाकिस्तानात असलेल्या शाहबाजगढीच्या शिळेवर या शब्दाची सुरुवातच ‘ब’ने होते. आणि गुजरातेत जुनागढजवळ, गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या शिळेवर काय आहे माहीत आहे? ‘द्बादस’! ‘द’ अजून गेलेला नाही, ‘व’चा मात्र ‘ब’ होऊन चुकलाय. धावताना एक पाय हवेत असतानाच कुणीतरी फोटो काढावा, तसा हा शब्द बदलता बदलता दगडात सापडला.

पुढची पायरी आपल्या अगदी जवळची. गारखेड्यापासून साधारण पन्नास किलोमीटरवर पैठण आहे, म्हणजे सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान. त्या राजांच्या काळात इथे प्राकृत भाषा चालायची. प्राकृतात बाराला म्हणत ‘बारस’ किंवा ‘बारह’. द्वादश, द्बादस, बारस, बारह, बारा. झाली साखळी पूर्ण! मधला ‘बारस’ तर वसुबारसेत जसाच्या तसा जपलाय.

नियम खरा की खोटा?

नुसती उदाहरणं जमवली म्हणजे विज्ञान होत नाही. नियमाची परीक्षा घ्यावी लागते. आपला नियम सांगतो, की दातांच्या ओळीतलं अक्षर ‘व’ला चिकटलं, तर ते कधी कधी त्याच्या बरोबर खालच्या, ओठांच्या ओळीतल्या अक्षराचं रूप घेतं. मग ‘द’चा ‘ब’ होतो, तर ‘ध’चा काय व्हायला हवा? पाटीवर बघा. ध चौथा, त्याच्या खाली भ. म्हणजे ‘ध्व’चा ‘भ’ व्हायला हवा. असा शब्द मिळतो का?

मिळतो! संस्कृतात ‘ऊर्ध्व’ म्हणजे वर, ताठ. प्राकृतात त्याचं झालं ‘उब्भ’ आणि मराठीत ‘उभा’. वर्गात ‘उभा राहा’ असं ऐकू आलं की आठवा, तुम्ही ऊर्ध्व झाला आहात.

आणखी एक परीक्षा. ‘त’ पहिला, त्याच्या खाली ‘प’ पहिला. गिरनारच्या शिळेवर संस्कृत ‘चत्वारः’, म्हणजे चार, हा शब्द ‘चत्पारो’ असा कोरलाय. त्व गेला, त्प आला. नियम पुन्हा पास!

‘म’ हेही ओठांचं अक्षर, मग ‘त’ला ‘म’ चिकटला तर? संस्कृत ‘आत्मन्’चं प्राकृतात झालं ‘अप्प’, आणि त्यातून निघाला आपला रोजचा ‘आपण’. इथेही ‘त’चा ‘प’.

मग ‘दोन’चा ‘बोन’ का नाही झाला, असं विचाराल. छान प्रश्न आहे. तडजोडीचा दुसराही मार्ग असतो. ‘व’ने सरळ माघार घ्यायची आणि ‘द’ने जागा बळकवायची. दोन, दुसरा, दुप्पट आणि द्वारचं झालेलं दार, हे सगळे त्या वाटेने आले. मराठीत दोन्ही वाटांचे शब्द सुखाने नांदतात. ‘बे दुणे चार’ पुन्हा म्हणा. बे म्हणजे द्वे, दुणे म्हणजे द्विगुण. तीन शब्दांत दोन वेळा दोन, आणि दोघांच्या वाटा वेगळ्या!

ज्यांची ‘द्व’ची जोडी फुटलीच नाही असे शब्दही आहेत: द्वादशी, द्वंद्व, द्विधा. हे शब्द तोंडातोंडी झिजत आले नाहीत. ते पोथीतून जसेच्या तसे उचलले. पंचांगात द्वादशी आणि आजीच्या तोंडी बारस, असं आजही चालतं. इंग्रजीतही नेमकं हेच झालंय. लोकांच्या तोंडात घोळलेल्या बेल्लुमपासून रेबेल आला, आणि पोथ्यांत जपलेला जुना दुएल्लुम उचलून केला ‘ड्युएल’, म्हणजे दोघांची समोरासमोर लढत. त्याचा अर्थ ‘दोघांची’ असा झाला, कारण लोकांना त्यात ‘दुओ’ म्हणजे दोन दिसला. मुळात दुएल्लुम म्हणजे कुठलीही लढाई, दोघांची असो की दोन लाखांची. आपल्या ‘द्वंद्व’मध्ये मात्र दोन खरेखुरे आहेत, तेही दोनदा: द्वं आणि द्वं.

आता तुम्ही शोधा

पुढचे सहा शब्द घ्या: बायनरी, बेदाणे, बॅलन्स, बायोलॉजी, बासष्ट, बेकरी. यांतल्या कुणाच्या ‘ब’मागे जुना ‘द्व’ लपलाय? आधी कागदावर लिहा, मगच पुढे वाचा.

बायनरीत दोन आहेत. संगणकाचे शून्य आणि एक हे दोनच आकडे. बॅलन्सही बरोबर, कारण तो मुळात दोन पारड्यांचा तराजू. बासष्ट तर आपलाच. बेदाण्याने फसवलं असेल. तो फारसीतला ‘बे’, म्हणजे ‘शिवाय’, बेपत्ता, बेफिकीरमधला. बेदाणा म्हणजे बी नसलेला. बायोलॉजीतला ‘बायो’ ग्रीक आहे, अर्थ ‘जीवन’. आणि बेकरी आली ‘बेक’वरून. बेकरीत ठेवलेल्या बिस्किटात ‘दोन’ आहे, पण बेकरीत नाही!

जमलं? मग आता दुसरा एक नियम तुम्ही स्वतः शोधून काढा. तीन जोड्या देतो. अद्य आणि आज. विद्युत् आणि वीज. वाद्य आणि वाजा. तिन्हींत कुठल्या जोडाक्षराचं काय झालं ते लिहा. मग तोच नियम ‘खाद्य’ या शब्दाला लावा. उत्तर बरोबर आलं की नाही, ते मिठाईच्या दुकानात विचारून बघा.